वाळवी न लागणारी जागा

सौंसरात कोणाला दुकानाची, गोदामाची जागा घ्यायची असली की तो आधी तहसिलीत जायचा आणि मग माझ्याकडे यायचा. मी बांधकाम खात्यात टाइमकीपर होतो. मजुरांची हजेरी मस्टरवर मांडायची, एवढंच माझं सरकारी काम. पण एक विद्या मला बापाकडून मिळाली होती आणि तिच्या जोरावर मी गावात अर्ध्या इंजिनिअरसारखा मिरवायचो.

बाप पांढुर्ण्याच्या आरा मशीनवर जन्मभर लाकूड चिरत होता. आमच्याकडच्या काळ्या मातीत वाळवी म्हणजे घरचंच माणूस. ती चौकट खाते, धान्याची पोती खाते, भिंतीवरचे फोटो मागून पोखरून नुसती काच ठेवते. म्हणून गोदामासाठी जागा घ्यायची असली की बाप तिच्या चारी कोपऱ्यांत सावरीच्या लाकडाच्या खुंट्या पुरायचा. सावर म्हणजे वाळवीचा गोड घास. पावसाळा उलटला की खुंट्या उपटायच्या. खुंटी हातात भुगा होऊन आली तर सौदा सोडायचा, निम्मी खाल्लेली असली तर भाव पाडून घ्यायचा. बाप गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं. चहापाण्यापलीकडे त्यात काही मिळत नव्हतं, पण मान मिळायचा आणि मला मानाची भूक फार होती.

भोपाळचा वायू सुटून वर्ष होत आलं होतं तेव्हाची गोष्ट. माझे भाऊजी, म्हणजे मोठ्या बहिणीचे यजमान, एका तेलाच्या घाण्यावर वीस वर्षं राबून कंटाळले होते. स्वतःची पिठाची चक्की टाकायची, एवढं एकच स्वप्न त्यांनी उराशी धरलं होतं. रामाकोन्याच्या रस्त्याला गावाबाहेर एक पत्र्याचं गोदाम विकायला निघालं. मागे विहीर, दोन खोल्या आणि ओसाड परस. मालक पांढुर्ण्याचा व्यापारी. खत आणि शेतीची औषधं विकायचा, धंदा बसला म्हणून आवरून घेत होता. हे सगळं आम्हाला ठाऊक होतं. कोणी लपवलं नव्हतं.

चौकशी मात्र आम्ही अगदी कसून केली. पटवाऱ्याकडून जमिनीचा खसरा काढला, नकाशा काढला. रजिस्ट्री कार्यालयात मागच्या मालकांची साखळी तपासली, कुठं बोजा आहे का, भावाभावांचा वाद आहे का, ते पाहिलं. साखळी टाकून हद्द मोजली. नाल्याचं पाणी पुरात कुठवर येतं, ते शेजाऱ्यांना विचारलं. विहिरीचं पाणी भाऊजींनी ओंजळीनं पिऊन पाहिलं आणि म्हणाले, "गोड आहे." मग चारी कोपऱ्यांत माझ्या खुंट्या गेल्या. गोदामातल्या न खपलेल्या मालाचं पुढे काय झालं, हे विचारायचं एकाच्याही डोक्यात आलं नाही. विष म्हणजे वायू, ते शहरात असतं आणि कारखान्यातून सुटतं, असं त्या वर्षी आमच्या सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं होतं.

दसऱ्याच्या आधी मी खुंट्या उपटल्या. चारही जशाच्या तशा. मागच्या कोपऱ्यातली तर इतकी कोरी होती की सुताराकडून आत्ताच आणल्यासारखी. तिच्यावर नुसती बुरशीसुद्धा नव्हती. इतक्या वर्षांत मी अशी खुंटी पाहिली नव्हती. मला तेव्हा दचकायला हवं होतं. मी मात्र ती हातात नाचवत भाऊजींकडे गेलो.

"घ्या, डोळे झाकून घ्या," मी म्हणालो. "वाळवी त सोडा, मुंगीही नाही या जागेत."

"इंजिनेर साहेब म्हणून राहिले त घेतो बाप्पा," भाऊजी हसून म्हणाले. मला चिडवायचं असलं की ते मला साहेब म्हणायचे.

भिंतींच्या पायथ्याशी पांढरट थर होता. तो मी नखानं खरवडला आणि सांगून टाकलं की हा लोणा आहे, ओल धरली की भिंतीला येतोच. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं उगीच म्हणत नाहीत.

दिवाळीनंतर चक्की सुरू झाली. बहीण आणि भाऊजी मागच्या दोन खोल्यांत राहायला आले. त्यांना मूलबाळ नव्हतं. बहिणीला आम्ही सगळे बाईच म्हणायचो. ती माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यावर तिनंच मला न्हाऊ-माखू घातलं होतं, आणि पुढे मी दोन बुकं शिकलो म्हणून माझा शब्द तिला पोथीसारखा झाला. तिला स्वतःचं डोकं होतं. माझ्यापेक्षा चांगलं होतं. पण माझ्यापुढे ती ते वापरायची नाही, आणि मलाही ते बरंच वाटायचं.

नव्या घरात आल्या आल्या तिला एक लाभ झाला. आमच्याकडे चूल, ओटा, भिंतीचा खालचा पट्टा पांढऱ्या मातीनं पोतारायची रीत आहे. ती माती बायका लांबून, टोपल्यांनी डोक्यावर आणतात. बाईला ती परसातच सापडली. मागच्या कोपऱ्यात खुरप्यानं वीतभर उकरलं की मऊ, भुरकट पांढरी माती निघायची. ती पाण्यात भिजवायची आणि हातानं चूल सारवायची, ओटा सारवायची, निजायच्या खोलीची भिंत सारवायची. दर आठ दिवसांनी. कोपरापर्यंत पांढरे झालेले तिचे हात, हे चित्र अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

"वास कसा येते रे या मातीले," ती एकदा म्हणाली. "जुन्या कोठीतल्या गव्हासारखा."

"चक्कीचा असन," मी म्हणालो. "दिवसभर गहू दळून राहिले तुम्ही."

संक्रांतीच्या सुमारास तिनं पहिल्यांदा सांगितलं की घरात गूळ उघडा राहिला तरी मुंगी येत नाही. मी म्हणालो, चांगलंच आहे. मग तिची मांजर निघून गेली. शेजारून आणलेली दुसरी मांजर दोन दिवस ओसरीवर बसून नुसती पंजे चाटत राहिली, आणि तिसऱ्या दिवशी थरथरत कुंपणाशी पडलेली सापडली. चक्कीपुढे सांडलेले दाणे वेचायला चिमण्या येतातच. इथेही आल्या. पण परसाच्या भिंतीखाली दर चार दिवसांनी एखादी मेलेली मिळायची. बाई ती उचलून नाल्याच्या पलीकडे टाकून यायची आणि कोणाला सांगायची नाही. पालीसुद्धा नव्हत्या त्या घरात. एवढं पत्र्याचं गोदाम, एवढं पीठ, आणि दुपारी चक्की बंद झाली की तिथं जी शांतता पडायची तिची मला भीती वाटायची. होय, मला. मी ते कबूल करत नव्हतो एवढंच.

रस्त्यापलीकडे झोपडीत एक म्हातारी राहायची. मुलगा बोरगावकडे शेतमजुरीला, ती एकटी. तिनं बाईला सांगून टाकलं, "माय, इथं काही तरी आहे. या जागेत पाखरू जगत नाही. तू नको राहू इथं."

ते ऐकून माझं डोकंच फिरलं.

त्याचं कारण सांगायला हवं, नाहीतर माझा राग कोणाला कळायचा नाही. बापानं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव टोपलीत घालून कन्हानच्या पात्रात सोडले होते. त्यांच्याबरोबर भूत, मूठ, नजर, अंगात येणं, सगळंच सोडलं. आमच्या घरात ती नुसती शिकवण नव्हती, ती आमची इज्जत होती. शेजारपाजारचे लोक कोपऱ्यावरचं लिंबू ओलांडत नसत आणि आम्ही ते लाथेनं उडवायचो. माझ्या पायांनी अशी कितीतरी लिंबं उडवली आहेत. आणि आता माझीच बहीण, बापाची लेक, म्हणते की घरात काही तरी आहे!

"आपल्यात भूत मानत नाही, बाई," मी म्हणालो.

"मी कुठं भूत म्हणून राहिली?" ती म्हणाली. "मले फक्त इथं नको वाटते. उठली का हातापायाले कापरं सुटते. डोकं जड होते. निजल्यावर अंग असं झटके मारते का तुझ्या भाऊजीले उठून बसा लागते."

"अशक्तपणा आहे."

डॉक्टरही तेच म्हणाले. लाल रंगाचं टॉनिक दिलं. ती ते मुकाट्यानं घेत राहिली, आणि मुकाट्यानं दर आठ दिवसांनी भिंती पोतारत राहिली.

उन्हाळ्यात एके दिवशी भर दुपारी ती चक्कीच्या दाराशी कोसळली. दळण घेऊन आलेल्या बायका भोवती होत्या. दात घट्ट मिटलेले, डोळे वर, हातपाय ताडताड आपटत होते. बायका म्हणाल्या, अंगात आलं. कोणी कुंकू आणायला पळाली, कोणी तिच्या केसांना धरून "कोण आहेस, बोल" असं विचारू लागली. मी सायकल टाकून धावत आलो आणि त्या सगळ्यांना नको नको ते बोललो. एका म्हातारीला तर ढकललंही. पण त्यांतल्या एकीनं तरी बाईचं डोकं मांडीवर घेतलेलं होतं. मी नुसता ओरडत होतो.

त्यानंतर ती जामसांवलीला गेली. मला न सांगता. समोरची म्हातारी तिला घेऊन गेली होती. मारुतीच्या त्या ठिकाणी अशी माणसं महिना महिना येऊन राहतात. कोणी घुमतं, कोणी रडतं, कोणी नुसतं आडवं पडून असतं. बाई वीस-बावीस दिवस तिथल्या एका ओसरीवर राहिली. दाराशी येऊन भाऊजींनी खाली मान घालून मला हे सांगितलं. मी त्यांच्याशी चार दिवस बोललो नाही.

ती परत आली ती बरी होऊन. तोंडावर तजेला आलेला. हातांचं कापरं जवळजवळ थांबलं होतं, भरला पेला न सांडता तिनं मला पाणी दिलं. आणि मला राग आला. माझी बहीण बरी झाली याचा मला राग आला, हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे ते खरं. ती देवळात बरी झाली होती म्हणून आला.

"पाय, मी बरी झाली न," ती म्हणाली. "तिथं गेली का मी बरी होते. मंग इथंच काही असन का नाही, तूच सांग."

तिनं तेव्हा जे मांडलं होतं ते बिनतोड होतं. माणूस घर सोडून जातो, बरा होतो. घरी येतो, आजारी पडतो. मग दोष घरात आहे. शाळेतलं कोणतंही पोर एवढं सांगेल. पण मी ते ऐकलंच नाही. मी ऐकलं ते एवढंच, की माझी बहीण देवळाची बाजू घेते आहे.

"हे मनाचे खेळ आहेत," मी म्हणालो. "आणि आज तू इथून निघाली न, त साऱ्या सौंसरात म्हणतीन का यायच्या घरी भूत होतं. बापानं देव सोडले कन्हानीत, त्याची लेक मारुतीच्या पायाशी जाऊन पडली. चालते तुले?"

तिनं माझा रिकामा पेला उचलून मोरीत ठेवला. मग म्हणाली, "नाही चालत."

आणि राहिली. पंधरा दिवसांत कापरं परत आलं. भाऊजींनी एकदा चाचरत विषय काढला, की चक्की इथं राहू दे, बाईला गावात एक खोली पाहू. मी त्यांनाही बापाचं नाव घेऊन गप्प केलं. ते साधे गृहस्थ. चक्कीवर ते सकाळ ते संध्याकाळ समोरच्या बाजूला असायचे, पिठानं पांढरे होऊन. परसात त्यांचं काही काम नसायचं. भिंतींना हात लावायची ती एकटीच.

पुढच्या हिवाळ्यात त्यांनी मिरची कांडायचं मशीन घ्यायचं ठरवलं. त्याच्या फाउंडेशनसाठी मागच्या कोपऱ्यात खड्डा खणायचा होता, आणि जागा अर्थात मीच आखून दिली. म्हाताऱ्या शेजारणीचा मुलगा त्या दिवसांत घरी आला होता. त्याला कामाला लावलं. मी आणि भाऊजी काठावर उभे होतो. सकाळचे दहा वाजले असतील. पहिल्या कुदळीला पांढरी माती निघाली, दुसरीलाही. कमरेएवढा खड्डा झाला तरी पांढरंच. मग कुदळ कशात तरी अडकली. त्यानं हातानं ओढलं, तर कुजलेलं पोतं. आतून ती भुकटी भसकन ओतली गेली आणि कोठीतल्या गव्हाचा तो वास इतका दाटून आला की मी दोन पावलं मागं सरलो. पोत्याच्या आत प्लास्टिकचा कागद होता. तो मात्र कुजला नव्हता. त्यावर छापलेली कवटी आणि दोन हाडं.

"हे त पावडर हाय," तो माणूस खड्ड्यातून शांतपणे म्हणाला. "कपाशीवर मारतेत थे. खराब झाली म्हणून सेठनं पुरावले लावली होती. आमीच पुरली. अजून लय पोते हायेत खाली."

मी विचारलं, "मग सांगितलं काहून नाही?"

"कोनी इचारलंच नाही, भाऊ. तुमी खुंट्या गाडून राहिले होते तवा मी रस्त्यानं जाऊन राहिलो होतो. पायलं मी तुमाले. मले वाटलं, साहेब लोकाईले मालूमच असन."

भाऊजी विहिरीकडे पाहत होते. विहीर त्या खड्ड्यापासून वीस पावलांवर होती.

त्या क्षणी मला काय वाटलं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. भीती नंतर आली. पश्चात्ताप तर फार नंतर आला, आणि आला तो अजून उठून गेलेला नाही. आधी मला आनंद झाला. भूत नव्हतं! मी वर्षभर म्हणत होतो तेच खरं निघालं. देव नाही, भूत नाही, साधी पावडर. माझा बाप बरोबर होता, मी बरोबर होतो. तो कवटीचा कागद हातात घेऊन मी अक्षरशः धावत घराकडे गेलो.

बाई ओट्याशी बसली होती. पुढ्यात पांढऱ्या मातीचं घमेलं, आणि ती चूल पोतारत होती. हात इतके कापत होते की मातीचे फराटे वाकडेतिकडे उमटत होते.

"बाई, सापडलं!" मी ओरडलो. "भूत नव्हतं. मी म्हणत होतो न? औषधाची पावडर आहे, जमिनीत पुरलेली. हीच, ही तुझ्या घमेल्यातली. पाय, चित्र पाय."

तिनं कागदाकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे, कोपरापर्यंत माखलेल्या. मग माझ्या तोंडाकडे पाहत राहिली, आणि मला कळलं की मी हसतो आहे. तिनं ते पाहिलं होतं. मी तोंड आवरलं, पण तोवर उशीर झाला होता.

ती रागावली नाही. रागावली असती तर मला तिच्या पायांवर डोकं तरी ठेवता आलं असतं. तिनं हात हळूच घमेल्यात टेकवले, कारण अधांतरी ते फार थरथरत होते, आणि लहानपणी मी तिला कुठं जायचं असलं की विचारायचो तशा आवाजात तिनं मला विचारलं,

"मंग आता जाऊ न मी इथून?"